आजीला सुई ओवता येत नाही

आमच्या पंतनगरच्या बुद्धविहारात एकदा एक पुढारी भाषणाला उभे राहिले. "या वसाहतीला मी शब्द देतो, की येत्या वर्षात इथे... इथे..." आणि अडकले. खिसे चाचपले. कागद गाडीत राहिला असावा. तेवढ्यात मागून, खुर्च्या मांडणाऱ्या बायकांमधून, हळू पण स्वच्छ आवाज आला, "पाण्याची टाकी."

"पाण्याची टाकी!" पुढारी गरजले. टाळ्या पडल्या.

टाकी अजून यायचीय. पण तो आवाज प्रेमाताई गांगुर्डेचा होता, आणि अख्ख्या वसाहतीला त्याचं काडीचं आश्चर्य वाटलं नाही.

प्रेमाताई आमच्या नाट्यमंडळाची प्रॉम्प्टर. स्टेजवरचा नट अडला की विंगेतून त्याला पुढचा शब्द पुरवायचा, हे तिचं काम. सगळ्यांचे संवाद तिला पाठ. नुसते पाठ नाहीत, तर कोण कुठल्या शब्दाला घसरणार तेही ठाऊक. ते काम तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की लग्नात नवऱ्यामुलाचा उखाणा अडला तर हिचा आवाज, वाण्याकडे गिऱ्हाईक "ते हे द्या, ते..." म्हणालं की हिचा आवाज, "हिंग." तिचा नवरा माणिकराव वायरमन. तो म्हणायचा, "लग्नानंतर मी एकही वाक्य स्वतः संपवलेलं नाही."

"संपवा की मग," ती म्हणायची.

"आता सवय..."

"राहिली नाही."

"बघा!" तो आमच्याकडे वळून हात पसरायचा.

जिन्याखाली तिचं पिको-फॉलचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि भिंतीला बाबासाहेबांचा फोटो. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती सुई ओवायची. डोळ्याजवळ न्यायची नाही, दोरा ओला करायचा नाही. नजर रस्त्यावर, आणि दोरा थेट सुईच्या नेढ्यातून आरपार. कॉलेजातल्या पोरी मुद्दाम बघायला थांबायच्या.

एवढं सगळं येत असून स्टेजवर मात्र ती कधी उभी राहिली नव्हती. दरवर्षी विचारायची. दरवर्षी उत्तर तेच, "ताई, तू स्टेजवर गेलीस तर आम्हाला सांभाळणार कोण?" यात कौतुक होतं, म्हणून भांडताही यायचं नाही.

यंदा मात्र आमच्या दिग्दर्शकाने, अनिरुद्धने, बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी दोन बायकांचीच एकांकिका लिहिली. एक आजी आणि तिची नात. आजीला गोधडी शिवायचीय, पण सुई ओवता येत नाही. नात म्हणते, "दे आजी, मी ओवते." मग नात सुया ओवत राहते आणि आजी एकेका चिंधीची गोष्ट सांगते. नात करायला रुचिरा होती, मुलुंडच्या कॉलेजातली. आणि आजी?

"आजी मी करणार," प्रेमाताई म्हणाली. "नाहीतर यंदा विंगेत तुझं तू बस."

अनिरुद्धने हात जोडले. विंगेतलं तिचं स्टूल आणि संहिता माझ्याकडे आली. मला देताना तिने स्टूल पदराने पुसलं. "रुचिरा 'परंतु'ला अडखळते, तिथे लक्ष ठेव. मला काही सांगू नकोस. मला लागणार नाही."

जानेवारीतल्या पहिल्याच तालमीला तिने सुई उचलली आणि संवादाच्या आधीच ओवून मोकळी.

"ताई!" अनिरुद्ध ओरडला. "आजीला सुई ओवता येत नाही!"

"अरे, पण आली ना."

"तुला आली. आजीला येत नाही! सगळं नाटक त्यावर उभं आहे!"

"मग सुई बारीक आण."

त्याने सुईच काढून घेतली. "नुसता अभिनय कर." तिने रिकाम्या चिमटीत नसलेला दोरा धरला, हवेत एका झटक्यात ओवला, वर गाठही मारली. रुचिरा हसून जमिनीवर बसली. दर तालमीला हेच. अनिरुद्ध कपाळाला हात लावायचा, ही जीभ चावायची, "हात ऐकत नाही रे माझा."

अनिरुद्धची एक सवय होती. तालीम सुरू झाली की मोबाइल खिडकीत उभा करून सगळं चित्रित करायचा, कारण आमच्यातला प्रत्येक जण चूक केली की "मी नाही केलं" म्हणायचा. मोबाइल बंद करायला मात्र तो नेहमी विसरायचा.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी प्रेमाताईने दोरा सुईपाशी नेला आणि हात थरथरला. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून. खांदा मध्येच उडाला, कुणी मागून टपली मारावी तसा. तिने पुन्हा प्रयत्न केला. जमेना.



"झकास!" अनिरुद्धने टाळ्या वाजवल्या. "ताई, हे ठेव! अस्सं ठेव! कुठून काढलंस?"

प्रेमाताई क्षणभर हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असंच. माझी सासू अशीच करायची."

पुढच्या तालमींना आजी आणखी रंगली. पाय फाकवून, तोल सांभाळत चालायला लागली. शब्द जड, ओढून ओढून यायला लागले. अनिरुद्ध रुचिराला म्हणायचा, "बघ आणि शिक. ह्याला निरीक्षण म्हणतात." चहाच्या सुट्टीत कप बशीवर तडतडला तेव्हा रुचिरा म्हणाली, "मावशी, आता आजी बंद कर ना. चहा सांडतोय."

"अंगात भिनलीय गं," प्रेमाताई म्हणाली, आणि कप खाली ठेवून दिला. तो चहा तिने प्यायलाच नाही.

तिला कळलं होतं. नंतर तिनेच सांगितलं. दुकानात फॉल वाकडे जात होते, माणिकरावने एकदा साडी उलगडून चेष्टाही केली होती, "हा फॉल आहे की घाटातला रस्ता?" पण आजारी आहे म्हटलं असतं तर भूमिका गेली असती. तालमीत थरथरलं तर टाळ्या मिळत होत्या. मग तिने आजार तिथेच लपवला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

तो उघडा पडला मार्चमध्ये. चिंधीची गोष्ट सांगता सांगता प्रेमाताई थांबली. अनिरुद्ध माझ्या कानात कुजबुजला, "काय पॉज घेतलाय बघ." पॉज लांबला. मी हळूच ओळ दिली. तिने घेतली नाही. पुन्हा दिली. तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ही कुणाची ओळ आहे?"

रुचिरा रडायला लागली. अख्ख्या मंडळाच्या ओळी जिला पाठ, ती विचारत होती कुणाची ओळ आहे.

त्याच आठवड्यात तिची मुलगी संघमित्रा तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. थरथर आणि संथ चाल बघून डॉक्टरांनी कंपवात म्हटलं, गोळ्या दिल्या. थायरॉइड आहे का? आहे, बरीच वर्षं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. परवाच तपासलाय, व्यवस्थित आहे. मग तो विषय तिथेच संपला.

गोळ्या सुरू झाल्या आणि घर एका विचित्र झोपाळ्यावर बसलं. एक दिवस प्रेमाताई उठून नीट पोळ्या लाटायची, आणि माणिकराव सगळ्यांना फोन करायचा, "औषध लागू पडलं!" दुसऱ्या दिवशी ती दुपारपर्यंत उठायची नाही, संघमित्राला आपली बहीण समजायची, हात-पाय झटके द्यायचे. शेजारच्या सुगंधाताई सूप पाठवायच्या आणि सोबत अनिरुद्धला निरोप, "आजीचं काम मला पाठ आहे बरं का." तेवढ्या वाईट दिवसांतही प्रेमाताई एक गोष्ट विसरली नाही. जरा भानावर आली की विचारायची, "तालीम कधी आहे?"

अनिरुद्ध वेड्यासारखा झाला होता. "मी टाळ्या वाजवल्या, संघा. ती आजारी पडत होती आणि मी वन्स मोअर म्हणत होतो."

कुर्ल्याला एका कंपनीत हिशेब बघणारी संघमित्रा रडण्यात फार वेळ घालवत नाही. ती म्हणाली, "अनिदादा, ते व्हिडिओ आहेत ना अजून? दे. आणि चल माझ्याबरोबर."

मुलुंडला मेंदूच्या विकारांच्या एक डॉक्टरबाई होत्या. गुजराती, मराठी बोलताना मध्ये मध्ये शब्द शोधायच्या. त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"ही बाई नाटक करते की आजारी आहे?"

"दोन्ही," संघमित्रा म्हणाली.

"आधी नाटक, मग दोन्ही," अनिरुद्ध म्हणाला.

"मला नाटक नको. नाटक बंद असतानाचं आहे?"

होतं. अनिरुद्ध मोबाइल बंद करायला विसरायचा ना! चहाच्या सुट्ट्या होत्या, चप्पल घालताना धरलेली भिंत होती, कुणी बघत नसताना स्वतःच्या हातावर दाबून ठेवलेला दुसरा हात होता. आणि जानेवारीतली, हवेत गाठ मारणारी प्रेमाताईसुद्धा होती. डॉक्टरबाईंनी सगळं ओळीने बघितलं, काही तुकडे परत परत.

"कंपवात असा पळत येत नाही," त्या म्हणाल्या. "जानेवारीत सुई, मार्चमध्ये हे? आणि एक दिवस बरी, एक दिवस नाही? हे झटके पण वेगळे आहेत. थायरॉइड आहे म्हणालात ना? ॲडमिट करा."

तपासण्या झाल्या. मेंदूचा फोटो बरा आला, मेंदूच्या लहरी मंद निघाल्या, पाठीतलं पाणी काढून बघितलं, इतर रोग एकेक करून बाद केले. रक्तात मात्र थायरॉइडवर उठलेल्या अँटिबॉडीज भरमसाठ. डॉक्टरबाईंनी माणिकरावला समोर बसवून समजावलं. शरीराचं रक्षण करणारी फौज कधीकधी आपल्याच थायरॉइडवर चाल करून जाते. अशा लोकांपैकी अगदी थोड्यांच्या मेंदूलाही त्याचा त्रास होतो. का, ते अजून नीट कळलेलं नाही. थायरॉइडची गोळी चालू असली, रिपोर्ट चांगला असला, तरी होऊ शकतं. आणि बाहेरून ते कंपवातासारखं दिसू शकतं, वेडासारखं दिसू शकतं.

"किंवा अभिनयासारखं," अनिरुद्ध पुटपुटला.

"नुसत्या अँटिबॉडीवर मी शिक्का मारत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "धडधाकट बायकांच्या रक्तात पण सापडतात. पण बाकी सगळं पाहून झालं. आता स्टिरॉइड देऊन बघू. तेच असेल, तर बाई सांगेल आपल्याला."

बाईने सांगितलं. सलाइनमधून औषध सुरू होऊन काही दिवस झाले होते. डॉक्टरबाई राउंडला आल्या, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून माणिकरावशी बोलत होत्या. प्रेमाताई डोळे मिटून पडलेली.

"आता गोळ्या देणार. पण त्या मनाने एकदम बंद नाही करायच्या. आम्ही सांगू तशा हळूहळू... काय म्हणतात..."

"कमी करत न्यायच्या," पलंगावरून आवाज आला.

"हां, कमी करत न्यायच्या. नाहीतर आजार परत..."

"उलटतो."

डॉक्टरबाई थांबल्या. माणिकराव उठून उभा राहिला, परत बसला, परत उठला. "डॉक्टर," तो म्हणाला, आणि त्याला पुढे बोलता येईना.

"औषध लागू पडलं," प्रेमाताईने त्याचं वाक्य पुरं केलं. मग एक डोळा उघडून म्हणाली, "अहो, रडताय काय? डबा आणलाय का? मला भूक लागलीय."

ती भूक स्टिरॉइडची होती. तिने माणिकरावचा डबा खाल्ला, संघमित्राचा खाल्ला, शेजारच्या पलंगावरच्या आजींनी पुढे केलेला ढोकळाही खाल्ला. घरी आली ती गोल चेहरा घेऊन आणि दुप्पट बोलत. आता माणिकरावची वाक्यं सुरू व्हायच्या आधीच संपत होती. तो कुणाकडेही तक्रार करत नव्हता. गल्लीत पेढे वाटत होता.

अनिरुद्ध भेटायला आला, दारातच घुटमळला.

"आत ये. माझी आजी कुणाला दिलीस?"

"ताई, आधी तुझी तब्येत..."

"सुगंधाला दिलीस ना? अरे, तिला टायमिंगवर शिंकता येत नाही!"

"कुणालाच नाही दिली. जयंतीला भाषणं आणि बँजो पार्टी झाली. नाटक बुद्धपौर्णिमेला. कमिटीला सांगितलं, आजी आजारी आहे, बरी झाली की येईल."

प्रेमाताईने पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढे सरकवला. 

तालीम पुन्हा सुरू झाली. ती आली, बसली, सुई उचलली, आणि ओवली.

अनिरुद्धने डोळे मिटले. "ताई. तू बरी झालीस, मला काय आनंद झालाय सांगू. पण आजी थोडीशी, अगदी थोडीशी थरथरली असती ना..."

"तू हो ॲडमिट, आणि थरथर."

तरी तिने प्रयत्न केला. जत्रेत देव अंगात आलेल्या बाईसारखं काहीतरी झालं. रुचिरा हसून लोळायला लागली. शेवटी प्रेमाताई म्हणाली, "दाखव बघू ते, मी कशी करत होते." अनिरुद्ध नको नको म्हणत होता. तिने मोबाइल काढून घेतला.

सगळं बघितलं. चहाचा कप, भिंत, तो लांब पॉज. "ही कुणाची ओळ आहे?" तिने मोबाइल उलटा ठेवला. 

"बाई काम बरं करत होती," ती म्हणाली. "पण मी हिची नक्कल नाही करणार, अनिरुद्ध. आजीला नुसतं दिसत नाही असं करू. मला जमेल."

"पण ओवायची नाही!"

"नाही ओवणार. शब्द देते."

बुद्धपौर्णिमेला विहाराचा हॉल पांढऱ्या साड्यांनी भरला. मागे खिरीचं पातेलं उतरत होतं. पहिल्या रांगेत माणिकराव, संघमित्रा, आणि त्यांच्या मध्ये खास बोलावलेल्या डॉक्टरबाई. मी विंगेत स्टुलावर, संहिता मांडीवर.

प्रेमाताई आली. पंतनगरने तिला पहिल्यांदाच समोरून बघितलं. चटईवर बसली, चिंध्या पसरल्या, सुई उचलली. डोळे बारीक केले. दोरा नेढ्याच्या बाजूने नेला. चुकवला. समोरच्या विंगेत अनिरुद्धने अंगठा दाखवला. तिने दुसऱ्यांदा नेला. चुकवला. काय सुंदर चुकवला! मग ती प्रेक्षकांकडे बघत उसासा टाकायला गेली, नजर सुईवरून उडाली, आणि हाताने त्याचं काम केलं.

दोरा आरपार.

रुचिराच्या तोंडात "दे आजी, मी ओवते" तयार होतं, ते तसंच राहिलं. तिने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी संहितेत बघितलं. आता द्यायला माझ्याकडे ओळच नव्हती. अनिरुद्ध विंगेत खाली बसला.

प्रेमाताईने सुई उजेडात धरली. दोऱ्याचं टोक हलत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला हसू फुटलं. आजीचं नव्हे, तिचं स्वतःचं. पहिल्या रांगेतून टाळी वाजली. डॉक्टरबाईंची. मग माणिकरावची, संघमित्राची, आणि मग कशासाठी ते माहीत नसताना सगळ्या हॉलची.

टाळ्या ओसरल्या तशी ती रुचिराकडे वळली. "बघतेस काय? आजीला जमत नाही असं वाटलं होय तुला? बस इथं. तुला शिकवते."

"शिकव," रुचिरा म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार?

तिने रुचिराच्या हातात दुसरी सुई दिली. आणि खरी गंमत तिथे सुरू झाली, कारण त्या पोरीने जन्मात कधी सुई ओवली नव्हती. दोरा डावीकडे, दोरा उजवीकडे, दोरा वाकून आपल्याच बोटाला. मध्ये प्रेमाताई चिंध्यांच्या गोष्टी सांगत राहिली, एकही शब्द न चुकता. संहितेतल्या गोष्टी संपल्या तेव्हा वसाहतीतल्या सांगितल्या: कुठली चिंधी कुणाच्या साडीची, कुणाचा फॉल उलटा लागला होता. पाण्याच्या टाकीचीही सांगितली. लोक खुर्च्या बडवून हसत होते, आणि रुचिराची सुई अजून रिकामी होती.

शेवटी मागून कुणाला तरी राहवलं नाही. "अगं, दोरा ओला कर!"

"तिरका काप!" दुसरी बाई.

"उजेडाकडे धर गं पोरी, उजेडाकडे..." हा माणिकराव, उभा राहून.

प्रेमाताई चटईवरून उठली, स्टेजच्या कडेपर्यंत आली आणि कमरेवर हात ठेवले.

"गप्प बसा!" ती म्हणाली. "कुणी प्रॉम्प्ट करायचं नाही!"